अखेरचा हात

इटलीतील कॅरारा येथील अनेक शिल्पशाळांत आज यंत्रमानव संगमरवर कोरतो. संगणकाने नमुना मोजावा, यंत्राने रात्रंदिवस ढलपे काढावेत आणि अखेरचा थर माणसाच्या छिन्नीसाठी राखावा, अशी ही वाटणी. ती सर्वस्वी नवी नाही. शिल्पकार कानोव्हा (१७५७–१८२२) याचे साहाय्यक प्लास्टरच्या नमुन्यावरील धातूच्या खुणांवरून मापे घेऊन दगड ओबडधोबड घडवीत. अखेरचा हात तो स्वतः, मेणबत्तीच्या उजेडात, फिरवी. मात्र कानोव्हाला लहानपणी पाथरवट आजोबांनी दगडाशी झुंजायला शिकवले होते! आजच्या शिकाऊ कारागिरापुढे येतो तो बहुतेक पुरा झालेला दगड. घाव घालताच उमटणाऱ्या नादावरून आतली चीर ओळखणारा कान त्याला कोण देणार, हे कोणत्याही यंत्राच्या किमतीत धरलेले नसते.