दुसऱ्या पंपाला लागणारा ब्रेक

फियाट बाळगणाऱ्या माणसाला आपल्या गाडीची तक्रार नीट सांगता यावी लागे. “ब्रेक लागत नाही” एवढंच म्हणून गॅरेजात उभं राहिलं, तर मिस्त्री गाडीकडे नंतर आणि मालकाकडे आधी बघत. लागत नाही म्हणजे काय? पहिल्या पंपाला खाली जातो नि दुसऱ्याला वर येतो? की सिग्नलला पाय दाबून थांबलात की हळूहळू बुडतो? पेडल मऊ लागतं का? गाडी ओढते? कुठल्या बाजूला? सकाळी असं होतं, की घाट उतरल्यावर?

या प्रश्नांतच निम्मं निदान होऊन जाई. दुसऱ्या पंपाला लागतो म्हणजे लायनर झिजलेत, शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय आणि पहिल्या दाबातलं तेल ते अंतर कापण्यातच संपतंय. चाक उचलून ब्रेक सेट केला की काम झालं. पेडल मऊ, दाबलं की उसळी मारतं, म्हणजे पाइपात हवा. पाय ठेवल्यावर हळूहळू बुडतं, पण टाकीतलं तेल कमी होत नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं रबर आतल्या आत तेल सोडतंय. तेलही उतरत असेल, तर चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवायचा. कुठे ना कुठे ओल लागायचीच.

ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. आधी फियाट 1100, मग प्रीमियर पद्मिनी. पण नाव बदललं तरी घरोघरी ती फियाटच राहिली. चारही चाकांना ड्रम ब्रेक. आमच्या गाडीला बूस्टर नव्हता, त्यामुळे ब्रेक दाबणं हा चक्क मांडीचा व्यायाम होता. पण पाय आणि चाक यांच्यामध्ये तेलाच्या एका दांडीशिवाय काही नसल्यामुळे चाकात जे बिघडे ते तळव्याला कळे. ड्रम गोल राहिला नसेल तर पेडल पायाखाली धडधडे. मग तो ड्रम लेथवर चढवून कापून आणायचा.

सगळ्यांत घोळ व्हायचा तो गाडी ओढण्याच्या तक्रारीत. गाडी डावीकडे ओढते म्हटल्यावर मालक डाव्या चाकाकडे बोट दाखवायचा. मिस्त्री बहुधा उजवं चाक आधी उघडत. ब्रेक मारल्यावर गाडी ज्या बाजूला वळते, त्या बाजूचं चाक आपलं काम करत असतं. कामचुकार असतं ते पलीकडचं. व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला, नाहीतर तिथलं रबर गेल्याने तेल लायनरवर पसरलेलं. अर्थात हाही नियम पक्का नव्हता. लायनरला थोडंसंच तेल लागलं, तर कधी कधी तेच चाक वेड्यासारखं धरतं. म्हणून शंका असेल तर गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणायची आणि उतरल्या उतरल्या चारही ड्रमना हात लावून बघायचा. गार ड्रम म्हणजे चाक काम करत नाही, चटका बसला तर ब्रेक सुटत नाही. हल्ली याच कामाला पिस्तुलासारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो आणि आकडा दाखवतो. तो हातापेक्षा नक्कीच बरा. जुन्या मिस्त्रींच्या बोटांची अवस्था मी पाहिली आहे.

सुटत नसलेल्या ब्रेकची एक युक्ती मला आजही सुंदर वाटते. चाक जाम आहे? मग त्या चाकाचं हवा काढायचं निपल थोडं सैल करायचं. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं फिरलं, तर दोष दाबात आहे: एकतर होजपाइप आतून फुगून बंद झालाय, किंवा मास्टरमध्ये तेल परत जायचं भोक मोकळं होत नाही. निपल सोडूनही चाक जामच राहिलं, तर दोष चाकातच आहे: पिस्टन, शू, स्प्रिंग किंवा हँडब्रेकची केबल. एका पान्यात अर्धी गाडी संशयितांच्या यादीतून बाद! कुठल्याही महागड्या यंत्राला हेवा वाटावा असं हे तर्कशास्त्र आहे.

हवा काढायचा कार्यक्रम दोघांचा असे. गॅरेजातला बारक्या स्टिअरिंगमागे, मिस्त्री चाकाशी पालथे. “मार… मार… मार… धर!” मग निपल उघडायचं, बाटलीतल्या नळीतून बुडबुडे निघायचे, निपल बंद. आणि मगच “सोड”. सुरुवात मास्टरपासून सगळ्यांत लांबच्या, म्हणजे डाव्या मागच्या चाकापासून. बारक्याने निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला, की हवा परत आत नि बारक्याला शिव्या.

पावसाळ्यात आणखी वेगळं प्रकरण. हिंदमाताला किंवा मिलन सबवेत साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरे आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक जणू नव्हतेच. त्यासाठी गॅरेजची गरज नसे. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचं, म्हणजे घर्षणाने लायनर सुकत. मुंबईचे टॅक्सीवाले हे न सांगता करायचे. ड्रमच्या उलट डिस्क ब्रेकची चकती उघडी असते, फिरता फिरता पाणी फेकून देते. नंतर आलेल्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क होत्या. त्यानंतर हे कसब हळूहळू विस्मरणात गेलं.

घाटातली तक्रार मात्र भल्याभल्यांना चकवायची. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना पेडल खाली गेलं. घाबरून गाडी बाजूला घेतली, जळक्या लायनरचा वास. अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा ठणठणीत. दुसऱ्या दिवशी गॅरेजात काहीच सापडत नाही. यात दोन गोष्टी असू शकतात. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, हे एक. दुसरी जास्त लबाड: ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-3 तेल निदान 205 अंशांपर्यंत उकळायला नको. पण पुरेसं पाणी शोषलं की तो आकडा 140 पर्यंत घसरू शकतो. तेल उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. गाडी थंड झाली की पुरावा नाहीसा. आता तेलात बुडवायचं पेनसारखं उपकरण आहे, ओलावा किती ते सांगतं. तेव्हाचे मिस्त्री तेलाचा काळपट रंग बघून बदलायला सांगत. वरून “घाटात गाडी दुसऱ्या गिअरला ठेवा, साहेब” हा सल्ला फुकट.

तरीही त्या ब्रेकची आठवण काढून मी उसासे टाकणार नाही. जुन्या फियाटला तेलाची वाट एकच होती. एका चाकाचा होज फुटला, की चारही चाकांचे ब्रेक गेले. नंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र वाटा आल्या. एक फुटली तरी दुसरी थांबवते. आणि ड्रम उघडल्यावर मिस्त्री जी काळी भुकटी तोंडाने फुंकून उडवत, ती बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसची असे. बारक्या शेजारीच बसलेला असायचा. ती फुप्फुसात जाऊन काय करते हे गॅरेजात कुणी सांगितलं नव्हतं.

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. शेवटची 2003 मध्ये नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. आता गाडीच बोलते. 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. चाकाचा सेन्सर बिघडला की दिवा लागतो, स्कॅनर जोडला की कोणतं चाक तेही कळतं. पण एबीएस चालू झाल्यावर पेडल थरथरतं, तेव्हा काहीतरी तुटलं समजून पाय उचलणारे लोक अजून भेटतात. टाकीतलं तेल उतरल्याचा दिवा लागला की नुसतं तेल ओतणारेही. पॅड झिजले की तेलाची पातळी उतरतेच. नवे पॅड बसवताना ते ओतलेलं तेल टाकीतून बाहेर सांडतं.

भाच्याची गाडी आता बारा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिच्या पुढच्या एका चाकाजवळ घासल्याचा आवाज येत होता. स्कॅनरवर एकही कोड नाही. मी त्याला नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं.

“पेडल कसं लागतं?” मिस्त्रींनी विचारलं.

“लागतं की,” भाचा म्हणाला. “दिवा नाही लागलेला अजून.”

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मग जॅक मागवला. कॅलिपरची पिन गंजून अडकली होती. आतला पॅड लोखंडापर्यंत संपलेला, बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक. पिना घासून, ग्रीस लावून त्यांनी दोन्ही बाजूंचे पॅड बदलले आणि भाच्याला गाडीत बसवून म्हणाले, “आता दाबा. पहिल्याला कुठवर जातो? दुसऱ्याला?”