गाळणीतील विरजण

गाळणे ही क्रिया आपल्या संसारात इतकी रुळलेली आहे की तिचा विचार करावयास कोणी बसत नाही. चहा गाळून चोथा टाकावा, पीठ चाळून कोंडा वेगळा काढावा, पाणी गाळून फडके पिळून वाळत घालावे. गाळणीने अडवावे व आपण फेकून द्यावे, असा हा सरळ व्यवहार आहे. मासे पाळण्याच्या काचपेटीखाली जो बंद डबा असतो, ज्यास कॅनिस्टर फिल्टर म्हणतात, तोही याच जातीचा असावा असा प्रथमदर्शनी समज होतो. परंतु त्यातील थर स्वहस्ते लावू लागले म्हणजे हा समज टिकत नाही.

पेटीतील पाणी नळीवाटे या डब्यात उतरते, एकावर एक रचलेल्या टोपल्यांतून जाते व पंप ते पुन्हा वर लोटतो. पुष्कळ डब्यांत पाणी आधी तळाशी जाऊन मग वर चढते. तेथे सर्वांत खालची टोपली तीच पहिली. काही डब्यांत क्रम उलटा असतो. म्हणून पाण्याची वाट आधी ओळखावी, मग टोपल्या भराव्या. प्रथम जाड छिद्रांचा स्पंज. तो विष्ठा, कुजकी पाने व उरलेले खाद्य अडवितो. त्यामागून बारीक छिद्रांचा स्पंज. त्यापुढे चिनीमातीच्या सच्छिद्र कड्या. पाणी अगदी नितळ हवे असेल तर शेवटी कापसासारखा तलम थर. हाच थर आरंभी ठेविला तर तो लवकर तुंबतो व प्रवाह मंदावतो. औषधाचा अंश किंवा पाण्याचा पिवळेपणा काढावयाचा असेल, तेव्हाच सक्रिय कोळशाची पुरचुंडी घालावी.

आता त्या कड्या काय अडवितात? जवळजवळ काहीच नाही. त्यांच्या छिद्राछिद्रांत जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. हे जिवाणू त्याचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करितात. पहिली दोन माशांस विषे आहेत. तिसरे बरेच सौम्य, व पाणी वेळोवेळी बदलून ते कमी करिता येते. स्पंज पुढे ठेवावयाचे ते या वस्तीच्या दारात चिखल साचू नये म्हणून.

ही गोष्ट जिवंतांची आहे, हे १८७७ साली श्लोझिंग व म्यूंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखविले. त्यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडिले. सुमारे वीस दिवस काही घडले नाही; मग अमोनिया जाऊन नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ती क्रिया थांबली. निव्वळ वाळूचे ते काम असते, तर वाळूस गुंगी कशी यावी? पुढे विनोग्राड्स्कीने हे जिवाणू वेगळे काढिले. २०१५ साली तर दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारे जिवाणू सापडले, आणि त्यांतील काही मत्स्यपालनाच्याच गाळणयंत्रात मिळाले.

आमच्या मातोश्रींस त्या कड्यांवरील तपकिरी बुळबुळीतपणाचा मोठा तिटकारा. ‘‘अरे, एवढी भांडी लख्ख घासतोस, आणि हा डबाच तेवढा ओंगळ का?’’ असा त्यांचा प्रश्न. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्या वस्तीवर घाला घालते. म्हणून कड्या धुवावयाच्या त्या पेटीतूनच काढिलेल्या पाण्यात, हलक्या हाताने, एका वेळी निम्म्याच. एरवी दुसऱ्या दिवसापासून मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, हे आम्ही त्यांस समजावून सांगितले. त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, ‘‘म्हणजे विरजणच म्हणायचं की! मग सगळं धुऊन कसं चालेल?’’

इतक्या नेमक्या शब्दांत आम्हांस ते सांगता आले नव्हते. तांब्या घासावा तसे सर्वच घासावयाचे नसते, हे दही लावणाऱ्या घरास ठाऊक आहे. पेटीतील पाणी काचेसारखे नितळ दिसत असताही विषारी असू शकते, आणि ते विष उतरविणारे हात डब्याच्या अंधारात, त्या ओंगळ दिसणाऱ्या बुळबुळीत थरात असतात. कोठे घासावे व कोठे हात आवरावा, एवढाच विवेक तो डबा उघडणाऱ्याजवळ असला पाहिजे. माशांचे प्राण त्यावर अवलंबून आहेत.