पेरूची एक फोड

चाकणच्या शनिवारच्या बाजारात संध्याकाळी भाव उतरायला लागतात, तोवर भाजीवाल्यांपुढे पाल्याचा ढीग साचलेला असतो. गाजराचा पाला, मुळ्याची पानं, फ्लॉवरची बाहेरची जाड पानं. त्या ढिगापाशी परवा एक आठ-नऊ वर्षांची मुलगी उकिडवी बसून कोवळी हिरवी पानं तेवढी वेचत होती. भाजीवालीनं विचारलं, "सशाला का गं?" "नाही मावशी, गिनीपिगला." मावशींनी एक पिकलेला पेरू तिच्या पिशवीत टाकला. "हा पण घाल त्याला." पोर म्हणाली, "एवढा नाही चालत. त्याला एक फोड, बाकीचा मला."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आपल्याकडे माया ताटात दिसते. पाहुणा नको नको म्हणाला तरी पानात जिलबी पडतेच. गिनीपिगला मात्र आग्रह सोसत नाही. त्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढंच सरकावं लागतं आणि ते सरकतं गवतातल्या तंतूंच्या बळावर. साखर जास्त झाली की आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं तंत्र बिघडतं, जुलाब होतात, पोट फुगतं. किलोभराच्या जिवाला तेवढं पुरतं. म्हणून त्याच्यापुढे दिवसरात्र हवं ते वाळलेलं गवत. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, तेही गवत चावूनच झिजतात. आपल्या खेड तालुक्यात गाईगुरांसाठी लसूणघास सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम जास्त. पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, वाढलेल्या जनावराला रोज घातला तर मूतखड्याची भीती.

फळ आठवड्यातून एक-दोनदा, अंगठ्याच्या नखाएवढं. सफरचंद बिया काढून, जुन्नरकडचं द्राक्ष नीट धुऊन आणि चिरून. केळं, चिकू, आंबा फार गोड, म्हणून आणखी कमी. मनुका आणि खजूर नकोतच. मला विचाराल तर या सगळ्यांत पेरू श्रेष्ठ. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आपल्याही होत नाही. त्याला दर किलो वजनामागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं आणि पेरूच्या १०० ग्रॅममध्ये ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. रोजची गरज मात्र ढोबळी मिरचीच्या तुकड्यानं आणि कोथिंबिरीनं भागवावी. त्यांत साखर कमी. फोड हातात धरली की आधी मिशा थरथरतात, नाक पुढे येतं, मग पुढचे दात गरात रुततात आणि खालचा जबडा भराभर चालू लागतो. पिशवीची नुसती सळसळ ऐकली तरी गिनीपिग शिट्टीसारखा आवाज काढून सगळी खोली डोक्यावर घेतात.

या प्राण्याचं आपल्यावर मोठं ऋण आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. घरं तपासणं, सामान बाहेर काढून जाळणं, या जुलमानं लोक पेटले आणि २२ जूनच्या रात्री चिंचवडच्या चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. रोग नेमका कशातून पसरतो, याचा उलगडा तेव्हा झाला नव्हता. पिसवांवर संशय घेणारे एकदोघे पुढे आले, पण त्यांचं कुणी फारसं मानलं नाही. मग १९०५ साली प्लेग संशोधन आयोग मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत कामाला लागला. त्याच संस्थेला पुढे हाफकिनचं नाव मिळालं. प्लेगच्या घरांतून माणसं बाहेर पडली की त्या रिकाम्या खोल्यांत गिनीपिग सोडत. उंदीर मेल्यानं उपाशी राहिलेल्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होत. काही गिनीपिग बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले, काही उघड्या पिंजऱ्यात, काही पिसूच्या उडीबाहेर उंच टांगले. पिसू जिथे पोचली नाही तिथले वाचले, उघड्यावरच्यांना प्लेग झाला. एवढ्याशा पिंजऱ्यांनी दाखवून दिलं की उंदराचा प्लेग माणसात येतो तो पिसवेतून. त्या प्रयोगशाळेत रोज सकाळी त्यांच्यापुढे गवत टाकणारा कुणी तरी असेलच. कोवळं गवत निवडून टाकत असेल का? त्या माणसाचा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

पुढे १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनीपिगना नुसतं धान्य घातलं, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. कोबी आणि लिंबाचा रस दिला की तो टळला. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तिथून निघाली. आज फ्लॅटच्या बाल्कनीत त्याला नुसता पोळीचा चतकोर किंवा कोरडं धान्य घालणारे तोच प्रयोग नकळत पुन्हा करतात.

तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरांतला. बटाटाही मूळचा तिथलाच, आता चाकणच्या बाजार समितीत पोत्यांनी उतरतो. पण शेजारी असला तरी कच्चा बटाटा त्याला घालू नये, आणि ज्याच्यासाठी चाकणची ओळख महाराष्ट्रभर आहे तो कांदा तर मुळीच नाही. कांदा-लसणानं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या गावाचं वैभव ज्यानं चाखू नये, असा पाहुणा घरी आला आहे.

तेव्हा कुणाकडे गिनीपिग असेल तर एवढं ऐका: गवत भरपूर, हिरवं रोज, फळ नखाएवढं, उरलेला तुकडा तासाभरात उचलून टाका. आणि त्यानं एक दिवस जरी खाणं सोडलं तरी थांबू नका, त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.