खजुरीची मूठ

वेळ अमावास्येस खजुरीस यावे, असे निमंत्रण थोरल्या वहिनींकडून दरवर्षी येते, आणि दरवर्षी काही ना काही निमित्ताने आमचे जाणे राहून जाते. हैदराबादेस आमच्या घराण्याची ही चौथी पिढी. तरीही 'मूळ गाव कोणते?' असे कोणी विचारले की तोंडून खजुरी हेच नाव बाहेर पडते, आणि ऐकणाऱ्यास ते ठाऊक नसते. या खेपेस मात्र निश्चय केला. आम्ही उभयतां आणि धाकटा पुतण्या असे तिघे मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने वाडी ओलांडून कलबुर्गीस उतरलो व तेथून आळंदमार्गे एस.टी.ने गाव गाठले.

खजुरी हे आळंद तालुक्यातील, उमरग्याच्या वाटेवरचे सीमेलगतचे गाव. १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी झाली तेव्हा गुलबर्गा जिल्हा म्हैसूरकडे गेला आणि शेजारचा उस्मानाबाद मुंबई राज्याकडे. पुढे म्हैसूरचे कर्नाटक झाले, गुलबर्ग्याचे २०१४ साली कलबुर्गी व उस्मानाबादचे २०२३ साली धाराशिव झाले. सोयरिकी मात्र जेथे होत्या तेथेच राहिल्या. एकाच ओसरीवर सासू कानडीत बोलते व सून मराठीत उत्तर देते, आणि दोघींनाही त्यात काही विशेष वाटत नाही. नावावरून खजुराच्या झाडांची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होईल. आम्हांस वाटेत दिसल्या त्या काळ्या जमिनीतल्या तुरी, ज्वारी, करडई आणि बांधावरच्या बाभळी. येथली तूर नामांकित. 'गुलबर्गा तूरडाळ' या नावाने तिला २०१९ साली भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

वेळ अमावास्या म्हणजे शेतातला सण. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे आणि सर्वांना हाक मारून वाढलेली पंगत. त्या जेवणाचे वर्णन करण्याचा मोह आवरतो, कारण आम्हांस सांगावयाचे आहे ते एका मुठीविषयी.

पुतण्यास डोंगर-अरण्ये भटकण्याचा नाद आहे. रानात राहून लाकूड तासणे, चूल पेटवणे, आडोसा उभारणे या विद्येचे हल्ली शहरांत शिक्षण मिळते, आणि त्यासाठी खास सुरा लागतो. तसाच एक महागडा सुरा त्याने वहिनींसाठी भेट म्हणून आणला होता. पाते झकास होते. मूठ काळ्या रबराची, तिला चार बोटांसाठी चार खाचा, आणि हात पात्यावर जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी आडवी पट्टी. वहिनींनी तो हातात घेतला, दोनदा उलटसुलट केला आणि हसून म्हणाल्या, "भाऊजी, हे कुणाच्या हाताचं माप हो? माझी बोटं तर वरंब्यावर बसायलीत, सरीत एकबी नाही."

आम्हीही धरून पाहिला. आमची बोटे खाचांत नेमकी बसली. तेव्हा हे माप आमच्यासारख्या पुरुषी पंजाचे होते, आणि सुरा करणाराच्या मनात वहिनी कधी आल्याच नव्हत्या.

हे हसण्यावारी नेता आले असते. पण वहिनींचा उजवा अंगठा आता पुरता वळत नाही. गेल्या वर्षी तूर कापताना बाजारातून आणलेल्या विळ्याने त्यांस दगा दिला. पात्याची मागची शेपटी मुठीत जेमतेम दीड इंच होती आणि लाकूड हलके, ओले असतानाच बसवलेले. ते वाळले तशी मूठ ढिली झाली. ढिल्या मुठीवर घरोघरचा उपाय एकच, विळा रात्रभर पाण्यात घालून ठेवावयाचा. लाकूड फुगते व सकाळी मूठ घट्ट लागते. परंतु दुपारच्या उन्हात ते पुन्हा आटते, आणि आधीपेक्षा अधिक. तुरीचा बुंधा गवतासारखा नसतो. वाळला की चक्क लाकूडच. हिसका दिला, मूठ निसटली, हात पुढे घसरला आणि अंगठ्याच्या मुळाशी पाते शिरले. सात टाके पडले. यंदाच्या कापणीस वहिनी रानात उतरल्या नव्हत्या. उतरावयाचे नाही असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. विळा हाती घेतला की छातीत धस्स होते, एवढेच त्या आमच्या सौभाग्यवतीजवळ बोलल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वच गावातल्या सुताराकडे गेलो. हे गृहस्थ वयाने सत्तरीच्या पुढचे, घरची भाषा कानडी, मराठी अस्खलित. त्यांनी प्रथम नवा विळा पाहिलाच नाही. जुनी मूठ मागितली. ती वहिनींनी टाकून दिली नव्हती. उजेडात धरून त्यांनी बोटाने दाखवले: येथे अंगठ्याने गुळगुळीत केले आहे, येथे करंगळी निसटत होती म्हणून घासले आहे. "अक्का, ही मूठ गोल आहे, म्हणून हातात फिरते. पातं कुणीकडं हाय ते हाताला कळायला पायजे, डोळ्याला न्हवं." म्हणजे मूठ अंडाकृती हवी. अंधारातही धार कोणत्या बाजूस आहे हे तळव्यास उमगते.

मग जाडीचा प्रश्न निघाला. आमचा समज असा की, अशक्त हातास बारीक मूठ बरी. ते उलटे निघाले. बारीक मुठीभोवती बोटे पुरी आवळावी लागतात. ज्याचा अंगठा वळत नाही त्याला थोडी जाड मूठ कमी जोरात धरता येते. शेवटाशी बोंडासारखा फुगवटा ठेवावयाचा, म्हणजे हिसक्यात हात मागे निसटत नाही. पुढच्या बाजूसही किंचित उंचवटा, पण आडवी पट्टी नको. भोसकण्याच्या हत्यारास ती पट्टी ठीक. कापण्या-तासण्याच्या कामात अंगठा पुढे न्यावा लागतो व ती आड येते. पुतण्यानेच येथे भर घातली की, फिनलंडचा पुक्को आणि स्वीडनमधील मोरा गावचा सुरा यांच्या जुन्या लाकडी मुठींनाही अशी पट्टी नसते. मोऱ्याची मूठ तर मध्ये फुगीर, पिंपासारखी असते. म्हाताऱ्याने ते लक्ष देऊन ऐकले व "त्येबी कापणारीच मानसं की," एवढेच म्हटले.

लाकूड बाभळीचे, बांधावरचेच, दोन पावसाळे छपराखाली वाळलेले. पांढरा भाग टाकून आतला तांबूस गाभा घेतला. रेषा मुठीच्या लांबीने सरळ गेल्या आहेत ना, हे ते पुनःपुन्हा पाहत होते. आडव्या रेषेचे लाकूड हिसक्यास मोडते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण आम्ही शाळेत घोकली होती. दांड्यासाठी झाड निवडणारा माणूस इतका चोखंदळ असतो हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

विळा घिसाड्यांकडचा होता. ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद, शेपटी लांब ठेवून घडवलेली. सुतारांनी मुठीस आधी बारीक भोक पाडले, शेपटी तापवून त्यात बसवली. धूर निघाला, लाकूड आतून जळून आपली जागा करते झाले. फार जाळले तर पुन्हा ढिलाईच, म्हणून लगेच ओढून, थंड करून पुन्हा ठोकली. टोक पलीकडून बाहेर काढून चकतीवर वळवले. आता लाकूड आटले तरी पाते सुटणार नव्हते. पुढे तडा जाऊ नये म्हणून लोखंडी कडे चढवले. अखेरीस फुटक्या काचेने खरवडून करडईचे तेल चोळले. रोगण लावू का, असे पुतण्याने विचारले तेव्हा त्यांनी मान हलवली. रोगणाची चकाकी घामाने निसरडी होते व तळव्यास फोड येतात.

या साऱ्यात तीन वेळा वहिनींच्या हाती मूठ देऊन, डोळे मिटावयास सांगून, त्यांनी ती पुन्हा तासली. आमच्या हाती एकदाही दिली नाही. पैसे देऊ केले तर घेईनात. "तीन दिस तूर कापू द्या. हात दुखला तर परत आणा, न दुखला तर पैसे."

वहिनी त्याच संध्याकाळी रानात गेल्या. आम्ही बांधावर उभे होतो. पहिला बुंधा त्यांनी फार सावकाश कापला, विळा उलटा करून मूठ पाहिली, मग दुसरा. पाचव्या-सहाव्यानंतर त्या आमच्याकडे पाहीनाशा झाल्या.

हैदराबादेस परतल्यावर आठवड्याने त्यांचा फोन आला. सुताराचे पैसे पोचते झाले होते. महागडा सुरा थोरल्या बंधूंनी स्वतःकडे ठेवला आहे, त्यांची बोटे खाचांत बसतात म्हणे. पण तुरीला जाताना ते वहिनींचाच विळा उचलतात, आणि त्यावरून घरात रोज सकाळी वाद होतो.