वर्णानुक्रमाचा विनोद: आवर्त नियम आणि ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ

१/ दहावीत न्यूलँड्स यांचा अष्टक नियम शिकताना एक किस्सा कानी पडला होता. भर सभेत एका प्राध्यापकाने त्यांना विचारले, “मूलद्रव्ये वर्णानुक्रमाने लावून पाहिलीत का?” विद्वानांच्या अहंकाराचा दाखला म्हणून हा किस्सा मी पुढे अनेकांना ऐकवला. मूळ वृत्तांत वाचल्यावर मात्र ओशाळलो. आजचा धागा त्या चुकीची दुरुस्ती आहे.

२/ स्थळ लंडन, केमिकल सोसायटीची सभा. दिनांक १ मार्च १८६६. जॉन न्यूलँड्स यांनी मूलद्रव्ये अणुभारांच्या चढत्या क्रमाने मांडली. लिथियमपासून मोजले तर आठवे सोडियम, सोडियमपासून आठवे पोटॅशियम. आणि तिन्हींचे गुणधर्म सारखे. सप्तकानंतर पुन्हा ‘सा’ यावा, तसे. निष्क्रिय वायूंचा शोध तेव्हा लागलेला नव्हता, म्हणून ही गणना आठावर जुळत होती.

३/ प्राध्यापक जॉर्ज कॅरी फॉस्टर यांनी तो प्रश्न विनोदाने विचारला, हे खरे. परंतु विल्यम क्रुक्स यांच्या ‘केमिकल न्यूज’मधील वृत्तांत तेथेच थांबत नाही. कोणत्याही मांडणीत काही योगायोग जुळतातच, असे फॉस्टर यांचे म्हणणे होते. मँगनीजला क्रोमियमपासून आणि लोहाला निकेल-कोबाल्टपासून इतके दूर नेणारी मांडणी त्यांना मान्य नव्हती.

४/ हा आक्षेप रास्त होता. न्यूलँड्स यांच्या तक्त्यात कोबाल्ट आणि निकेल एकाच घरात कोंबले होते, तेही फ्लोरिन-क्लोरिनच्या पंक्तीत! त्याच सभेत डॉ. ग्लॅडस्टन यांनीही एका उणिवेवर बोट ठेवले: नवी मूलद्रव्ये सापडणारच नाहीत, असे ही मांडणी गृहीत धरते. तक्त्यात एकही घर रिकामे नव्हते.

५/ दैवदुर्विलास असा, की १८६४ मध्ये याच न्यूलँड्स यांनी सिलिकॉन आणि कथिल यांच्या दरम्यान ७३ च्या आसपास अणुभाराचे एक मूलद्रव्य असावे, असे सुचवले होते. ते जर्मेनियम, सापडले १८८६ मध्ये. अष्टकाच्या मोहात त्यांनी स्वतःचीच रिकामी जागा बुजवून टाकली.

६/ मग सोसायटी निर्दोष होती काय? नाही. सभेत आक्षेप घेणे हे विज्ञानाचे नित्यकर्म आहे; दोष पुढचा आहे. सोसायटीने तो निबंध आपल्या नियतकालिकात छापलाच नाही. मेंडेलीव्ह यांची सारणी १८६९ मध्ये आल्यानंतर न्यूलँड्स यांनी पुन्हा विचारणा केली. तेव्हाचे अध्यक्ष विल्यम ओडलिंग यांचे उत्तर होते, की निव्वळ सैद्धांतिक निबंधांतून वाद उद्भवतात, म्हणून ते छापले जात नाहीत. स्वतः ओडलिंग यांनी १८६४ मध्ये मूलद्रव्यांचा एक तक्ता अन्यत्र प्रसिद्ध केला होता!

७/ वारे फिरले ते प्रयोगशाळेतून. मेंडेलीव्ह यांनी घरे रिकामी ठेवून भाकिते केली. १८७५ मध्ये गॅलियम आणि १८७९ मध्ये स्कँडियम सापडले, आणि त्यांचे गुणधर्म भाकितांशी जुळले. १८८२ मध्ये रॉयल सोसायटीने मेंडेलीव्ह आणि लोथार मेयर यांना डेव्ही पदक दिले. साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ झालेले न्यूलँड्स आपला दावा मांडतच राहिले. १८८७ मध्ये तेच पदक त्यांनाही मिळाले. १८८९ च्या फॅरडे व्याख्यानाचा मान मेंडेलीव्ह यांना दिला तो त्याच केमिकल सोसायटीने.

८/ सोसायटीने निबंध गाळला, तसा मी आक्षेप गाळला होता. विनोद तेवढा ठेवला, कारण तो सांगायला सोपा होता. फॉस्टर यांचे पुढचे वाक्य आज उपलब्ध आहे, कारण एका साप्ताहिकाने सभेचा वृत्तांत छापला होता. मित्रहो, इतिहासातील एखाद्या ‘मूर्ख’ प्रश्नावर हसण्यापूर्वी त्यापुढचे वाक्य अवश्य शोधा.