जीपचं मूळ रूप

मुंबईहून आग्र्याला जाणारी सडक लळिंग किल्ल्याच्या पायथ्याने धुळ्यात उतरते आणि सुरत-नागपूर सडकेला भेटते. ही दुसरी सडक पारोळा, एरंडोल घेत जळगावला पोचते. अशा मुलखात माणसांना चाकांचं वेड नसेल तरच नवल!

या वेडाचं जुनं दैवत म्हणजे विलीज जीप. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. ६० घोड्यांचं तिचं पेट्रोल इंजिन दणकट खरं, पण भारी खादाड! म्हणून पुढे कित्येक जीपांच्या पोटात डिझेल इंजिनं बसली.

आज घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी जीप दुरुस्तीला काढली, की गंज खरवडण्याआधीच प्रश्न पडतो : मूळचं इंजिन शोधावं, की आहे तेच राखावं? वेगळ्या जातीचं इंजिन घालायचं तर आधी आरटीओची परवानगी हवी. शिवाय २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला चाप लावला आहे.

पण मूळ रूप कोणतं म्हणायचं? कारखान्यातून निघालं ते, की केळीच्या बागांतून राबलं ते? पत्रा सरळ करावा, ब्रेक नवे घालावेत. कागदावर नोंद असेल, तर डिझेलचा खडखडाट मात्र खुशाल राहू द्यावा. खानदेशाने तिला दिलेला आवाज तोच!