दहाने गुणताना

कोन गावात गिरणी कामगारांच्या वाट्याला आलेल्या इमारतींमधली दोन-चार पोरं संध्याकाळी माझ्याकडे सी शिकायला येतात. लॅपटॉप नवे कोरे, पण आत टर्बो सीचा निळा पडदा. बोर्लंडने टर्बो सी आणलं १९८७ मध्ये, पोरांकडचं टर्बो सी++ ३.० नव्वदीच्या सुरुवातीचं. ६४-बिट विंडोजवर ते चालतच नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये खोटा डॉस उभा करायचा. कशासाठी? जर्नलमध्ये तसंच छापलंय आणि एक्स्टर्नललाही तेच चालतं म्हणून.

माझ्या टेबलावरचा स्पेक्ट्रम कॉम्प्युटर त्याहून म्हातारा. डिझाइन १९८२ चं, झेड-८० प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ, ४८ के मेमरी. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्सने परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने आपल्याकडे विकला होता. या मशीनचा सी कंपायलर, झेड८८डीके, अजून जिवंत आहे. त्याचं मूळ रॉन केनच्या १९८० च्या स्मॉल-सीमध्ये, आणि नव्या आवृत्त्या अजून निघताहेत. मेलेल्या मशीनचा कंपायलर वाढतोय, आणि आम्ही शिकवतोय तो कधीच थांबलेला!

नवी आवृत्ती उतरवली की मी आधी असेम्ब्ली लिस्टिंग काढतो. झेड-८० ला गुणाकार येत नाही. दहाने गुणायचं तर साधा कंपायलर लायब्ररीतलं गुणाकाराचं रूटीन बोलावतो, त्यात शेकडो टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, जातात. शहाणा कंपायलर आकडा दुप्पट करतो, ती दुप्पट डीई रजिस्टरमध्ये बाजूला ठेवतो, एचएल आणखी दोनदा दुप्पट करतो आणि शेवटी दोन्ही मिळवतो. आठपट अधिक दुप्पट. एकूण ५२ टी-स्टेट, म्हणजे जेमतेम १५ मायक्रोसेकंद. लिस्टिंगमध्ये ‘कॉल’ची ओळ गेलेली दिसली की चहा गोड लागतो.

‘ग्लोबल व्हेरिएबल टाळा’ हे मीच पोरांना घोकवतो. इथे उलट. स्टॅकवरचा १६-बिटी आकडा आयएक्स रजिस्टरमधून उचलायला ३८ टी-स्टेट, ठरलेल्या पत्त्यावरचा १६ मध्ये हातात. म्हणून आतल्या लूपमधली व्हेरिएबल्स मी बिनदिक्कत ‘स्टॅटिक’ करतो. कोड ३२७६८ च्या वरच ठेवायचा; खालच्या १६ के मेमरीत यूएलए चिप चित्र काढायला घुसते आणि प्रोसेसरला ताटकळत ठेवते. चांगल्या कोडचे नियम मशीन बघून ठरतात. अभ्यासक्रमात हे कुठे येत नाही.

तयार झालेली टॅप फाइल आवाजात बदलून फोनच्या हेडफोन जॅकमधून मशीनच्या ‘इअर’मध्ये सोडतो. व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण. ४८ के भरायला पाचेक मिनिटं लागतात आणि मधे व्हॉट्सअ‍ॅप टिणटिणलं की पडद्यावर ‘आर टेप लोडिंग एरर’. त्यामुळे फोन आधी एअरप्लेन मोडवर. जॅक असलेला फोन मात्र हल्ली शोधावा लागतो.